आबांसाठी मोठा हार

निलेश लोणावळ्यात उतरला की गावठाणात पहिला प्रश्न यायचा, "कोण गेलं?" यात गावाची काही चूक नव्हती. हैदराबादला नोकरी लागल्यापासून तो फक्त मयतीलाच येत होता. आणि गावात कान देऊन ऐकावं असं जे काही उरलं होतं, तेही मयतीलाच ऐकू यायचं. कोंडाजीआबांचं भजनी मंडळ आता बसायचं ते कुणाला तरी पोचवायलाच. एकेका अभंगासाठी एकेक माणूस खर्ची पडत होता.

या खेपेला मात्र निलेशने ठरवलं, कुणीही न मरता आबांचं भजन ऐकायचं. आबा थकले होते. पुढच्या खेपेला भजन असेल, पण आबा गाणाऱ्यांत नसतील, ही भीती त्याला झोपू देत नव्हती. म्हणून त्याने सत्काराचा घाट घातला. पांढरा झब्बा-लेंगा चढवला, शाल आणि नारळ घेतला, आणि स्टेशनबाहेर हिरामावशीच्या फुलांच्या टपरीवर थांबला. धुक्यात समोरचं चिक्कीचं दुकानसुद्धा दिसत नव्हतं.

"मावशी, मोठा हार दे. कोंडाजीआबांना घालायचाय."

मावशीने पांढरा झब्बा पाहिला. प्रवासाने पडलेला चेहरा पाहिला.

"आबांना? आरं देवा! काल तर हितनं चालत गेलते."

"वेळेवर झालेलं बरं, मावशी. लांबलं की राहूनच जातं."

"व्हय बाबा. हाल न्हाई झालं, ते बरं."

तिने हाराचे पैसे घेतले नाहीत. निलेशला वाटलं, गावात कलेची कदर अजून आहे.

आबा ओसरीवर गाढ झोपले होते. घरात दुसरं कुणी नव्हतं. उठवावंसं वाटेना. गारठा होता म्हणून निलेशने शाल त्यांच्या अंगावर गळ्यापर्यंत पांघरली, नारळ पायाशी ठेवला, हार चुरगळू नये म्हणून छातीवर पसरला आणि मान खाली घालून शेजारी बसून राहिला.

थोड्या वेळात माणसं येऊ लागली. रखमाजी रिसॉर्टच्या वॉचमनच्या कपड्यांतच पखवाज घेऊन आला. टाळकरी आले. कुणी काही विचारलं नाही. विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"रखमाजीभाऊ, अहो, आबा झोपलेत," निलेश घाबरून म्हणाला.

रखमाजीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "असंच समजायचं, बाळा. अगदी झोपल्यावानीच दिसत्यात."

भजन सुरू झालं. पहिल्याच टाळाला आबांचा एक डोळा उघडला. निलेश कानाशी वाकला. "आबा, उठा! घोटाळा झालाय!"

"गप ऱ्हा," आबा ओठ न हलवता म्हणाले. "उठलो तर समदी ड्युटीवर पळत्याल. लय दिसांनी मंडळ भरलंय."

आणि डोळा मिटला. निलेशच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून ज्यांना अजून शंका होती त्यांचीही फिटली.

दुसऱ्या अभंगाला रखमाजीचा हात चुकला. शालीखाली आबांचा अंगठा अस्वस्थ झाला. पुन्हा चुकला. आबांनी दात आवळले. तिसऱ्यांदा चुकला तेव्हा ते ताडकन उठून बसले.

"समेवर ये की रं, रेड्या!"

एक टाळकरी अंगणातून थेट धुक्यात गेला, तो परत आलाच नाही. रखमाजी आधी थरथरला, मग रडला, मग भडकला.

"आबा, आता सायबाला काय सांगू? मयतीची रजा टाकून आलोय!"

"भजनाची टाकायची."

"भजनाला कोण रजा देतंय? मयतीलाच मिळती!"

ते खरंच होतं.

"मग फुडल्या म्हैन्यात परत कोणतरी जाऊ द्या," आबा हार सारखा करत म्हणाले.

"तुमचं झालं. तुमाला आता परत न्हाई जाता येनार."

"मग तू जा."

"मी? नातीचं लगीन तोंडावर हाये. लग्नघरात मयत कशी दाखवू?"

वाद मिटेना, तेव्हा आबांनी टाळ ओढून घेतले आणि अर्धा राहिलेला अभंग स्वतः पुरा केला. आवाज फाटला होता. तरी कुणी उठलं नाही. रजा तशीही पडलीच होती.

संध्याकाळी स्टेशनच्या बाकावरून निलेशने हैदराबादला फोन लावून पुढच्या महिन्यासाठी रजा मागितली.

"परत?" साहेब हळहळले. "अरेरे. आता कोण गेलं?"

"अजून ठरलं नाही, सर."