पुराला कळवावं की नाही

घाटवेस गल्लीच्या आपत्ती समितीने यंदा पुराला सदस्य करून घेतलं. त्याने रीतसर अर्ज केला होता आणि गल्लीच्या संकटाशी ज्याचा संबंध येतो त्याला समितीत घ्यावं, असा ठराव समितीनेच केलेला होता.

बैठक मारुतीच्या देवळात भरायची. पूर वेळेवर यायचा, ओल्या चपला बाहेर काढायचा आणि मागे सतरंजीवर बसायचा. सतरंजी भिजायची, एवढंच. अध्यक्ष कोरे सर निवृत्त मुख्याध्यापक; त्यांना तो शिस्तीचा वाटे. इंदुमती मगदूम यांना मात्र त्याचा भरवसा वाटत नव्हता. त्यांच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आणि घर गल्लीत सगळ्यांत सखल.

"नाव कुठे बांधणार?" पुराने विचारलं.

"चौकातल्या खांबाला," कोरे सर म्हणाले.

"आणि उचलून न्यावी लागतील अशी माणसं कुठल्या घरात आहेत?"

इंदुताई म्हणाल्या, "तुम्हाला कशाला हवं ते?"

"त्या घरांकडे शेवटी जाईन म्हणतो. सदस्य झालोय, तर एवढं करायला हवं."

बोलणं गोड होतं आणि तेच त्यांना खटकलं. घरफोड्याने कुलपाची चौकशी करावी, तसं वाटलं त्यांना.

"आमच्या सासूबाई लेकीकडे असतात," त्या म्हणाल्या. "वरच्या आळीत, पिंपळाशेजारी."

कोरे सरांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. आदल्याच दिवशी ते सासूबाईंच्या खाटेशी बसून चहा पिऊन गेले होते. पण वहीत 'लेकीकडे' असंच लिहून घेतलं. पुराने मान डोलावली.

श्रावणात धरणाचे दरवाजे उघडले आणि पूर आला. तो सरळ इंदुताईंच्याच घरात शिरला. नाव अजून चौकातून सुटलीही नव्हती. पाणी खाटेच्या पायांवर चढलं, तेव्हा कुठे त्याचं लक्ष खाटेकडे गेलं.

"या कोण?"

"सासूबाई."

"त्या लेकीकडे असतात ना?"

"असतात. कधी कधी."

"मी कुठं जाते गं?" सासूबाई म्हणाल्या. "उंबरा ओलांडून किती वर्षं झाली मला."

"मी त्या पिंपळाशेजारच्या घराला वळसा घालायचं ठरवून आलो होतो," पूर म्हणाला. "आता मागे फिरता येत नाही. मागून माझाच लोंढा येतोय. थोडं थांबता येईल."

त्याने दोन्ही हातांनी दाराची चौकट धरली. पाणी खाटेच्या काठाशी आलं आणि तिथेच थबकलं. समितीतले शेटे बंधू नाव घेऊन येईपर्यंत तो तसाच उभा होता; हातांच्या शिरा फुगलेल्या, मान खाली. इंदुताई त्याच्याकडे बघत राहिल्या, न जाणो, हात सोडला तर. सासूबाईंना गादीसकट नावेत ठेवलं, नाव वळली आणि त्याने चौकट सोडली. स्वयंपाकघराची भिंत तेवढ्यात गेली.

पाणी ओसरल्यावर बैठक झाली. वरच्या आळीतलं पिंपळाशेजारचं घर कोरडं राहिलं, हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

"भिंत मुद्दाम पाडलीत?" इंदुताईंनी पुराला विचारलं.

"नाही."

त्यांना ते पटलं नाही, पण माफ करायला हरकत नव्हती.

पुराच्या शेजारी आज आणखी एक जण बसला होता. काटकुळा, ओठ फुटलेले, चपलांवर धूळ.

"हे दुष्काळ," कोरे सर म्हणाले. "यांचाही अर्ज आलाय. नियमात बसतो."

दुष्काळाने सगळ्यांना नमस्कार केला आणि प्यायला पाणी मागितलं. इंदुताईंनी तांब्या दिला. त्याने तो एका दमात रिकामा केला, तळाशी राहिलेला थेंबही सोडला नाही, आणि अदबीने विचारलं, "आणखी आहे का, ताई?"

"नाही," इंदुताई म्हणाल्या.

गाभाऱ्यामागच्या खोलीत दोन माठ काठोकाठ भरलेले होते. कोरे सर उठले आणि त्यांनी त्या खोलीचं दार लोटून घेतलं.