परवडेल इतकंच स्पष्ट

नेमबाजीत गोळी नेमकी कुठे लागली हे समजणे आवश्यक असते, असा एक गैरसमज आहे. आमच्या नेमबाजी मंडळाने तो इतकी वर्षे मोठ्या कष्टाने दाराबाहेर ठेवला होता. मी हे मंडळाचा चिटणीस या नात्याने, जबाबदारीने सांगतो आहे. तेव्हा मध्येच कोणी हसू नये.

आमची पद्धत साधी होती. नेमबाजाने पालथे पडायचे आणि पन्नास मीटरवरच्या टार्गेटवर गोळी झाडायची. मागे खुर्चीत अध्यक्ष बसलेले असत. आवाज झाला की ते क्षणभर डोळे मिटत आणि गुण जाहीर करत. जुन्या सभासदांना नऊ, देणगीदारांना साडेनऊ, नवख्यांना सहा. खुद्द अध्यक्षांना दहा. पण आपले आपण जाहीर करणे बरे दिसत नाही, म्हणून तेवढे काम माझ्याकडे होते. भांडण नाही, तंटा नाही. टार्गेटचा एकेक कागद आम्हाला वर्ष वर्ष पुरत असे, यावरून मंडळाची काटकसर लक्षात यावी.

मग सिस्टर आल्या. इस्पितळात परिचारिका होत्या, त्यामुळे सगळे सिस्टरच म्हणत. अंगाने काटकुळ्या, बोलणे बेताचे. पहिल्या दिवशी त्यांनी दहा गोळ्या झाडल्या आणि अध्यक्षांनी दहा वेळा "सहा" म्हटले. गोळीबार थांबल्यावर बाई उठल्या, कोपरांवरची माती झटकली आणि सरळ टार्गेटपर्यंत चालत गेल्या. मंडळाचा सभासद त्या दिशेला जाण्याची ही पहिलीच वेळ. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

परत येऊन त्या म्हणाल्या, "साहेब, माझ्या दहाही मधल्या काळ्या वर्तुळात आहेत."

"असतील," अध्यक्ष म्हणाले. "म्हणून काय पद्धत मोडायची? नवीन आहात. सहापासून सुरुवात होते."

एरवी प्रकरण इथेच मिटले असते. पण त्या वर्षी आमच्या पाच जणांच्या संघात एक जागा रिकामी झाली. पाचवे सभासद लाकडाच्या वखारीचे मालक होते. त्यांना दोन्ही डोळ्यांनी दिसेनासे झाले आणि घरच्यांनी हट्टाने घरी बसवले. मंडळाच्या दृष्टीने खरे तर काहीच अडचण नव्हती. संघात जाणाऱ्याला पुढे राष्ट्रीय शिबिराची चाचणी देता येते आणि त्या चाचणीला तिशीच्या आतले वय लागते. सिस्टरांची पुढच्या वर्षी तीस पूर्ण होणार होती. यंदा नाही तर कधीच नाही. दुसरे उमेदवार अध्यक्षांचे जावई. त्यांचे वय अध्यक्षांनीच जाहीर केलेले असल्यामुळे ते अटीत बसत होते.

त्यातच वरच्या महासंघाने कळवले की यंदा निवड गुणांवर करावी आणि गुण डोळ्यांनी पाहून द्यावेत. काय एकेक खूळ निघते.

"एक स्पॉटिंग स्कोप घेऊ या ना," सिस्टर म्हणाल्या. "एका डोळ्याची दुर्बीण असते, तिपाईवर लावायची. पडल्या जागेवरून भोक दिसतं. कुठे चुकतंय ते मलाही कळेल."

चुका बघायला पैसे घालायचे, ही कल्पना मंडळाला नवीन होती. पण उपसमिती नेमण्याची संधी आम्ही आजवर वाया घालवलेली नाही. उपसमितीवर मी, बाजारपेठेतले चष्मेवाले आणि जावईबापू असे तिघे नेमले गेलो. सिस्टरांना घेता आले नाही. त्यांना विषयाची माहिती होती आणि निर्णय तर निःपक्षपाती व्हायला हवा होता.

चष्मेवाल्यांनी ओळखीच्या व्यापाऱ्याकडून एक दुर्बीण बघण्यापुरती आणली. जड, काळी, भिंग तळहाताएवढे. रविवारी सकाळी ती तिपाईवर चढवली. मी डोळा लावला आणि मला टार्गेट दिसले. खरेच दिसले. कागदावरून एक मुंगी चालली होती, तिचे पायसुद्धा वेगळे दिसत होते. सिस्टरांच्या गोळ्यांची भोके बोटाच्या पेराएवढ्या जागेत दाटीवाटीने बसली होती. मी हरखून गेलो, खोटे कशाला बोलू.

मग नवा कागद लावून अध्यक्षांनी गोळ्या झाडल्या. मी पुन्हा डोळा लावला. कागद कोरा होता. मागच्या मातीच्या बांधावर मात्र बरीच धूळ उडालेली दिसत होती.

"किती?" अध्यक्षांनी विचारले.

"दहा," मी म्हणालो.

"बघू."

ते बराच वेळ वाकून बघत राहिले. मग ताठ उभे राहून ते म्हणाले, "चष्मेवाले, ही दुर्बीण गोळ्या गाळते आहे."

"साहेब, उत्तम काच आहे. जे आहे ते दिसतं हिच्यात."

"किंमत एवढी का?"

"स्पष्ट दिसतं म्हणूनच."

"म्हणजे स्पष्टतेचे वेगळे पैसे पडतात. मग तिथेच काटछाट करा की."

दुर्बीण त्याच दिवशी परत गेली. अध्यक्षांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते, कारण अंदाजपत्रकात दुर्बिणीसाठी केलेल्या तरतुदीतून आम्ही आधीच उद्घाटनाची पाटी करायला टाकली होती. पाटी संगमरवरी होती आणि तिच्यावर 'अत्याधुनिक' हा शब्द होता. जोडाक्षर कोरायला कारागीर जास्त घेतो, हे आम्हाला नंतर कळले.

उरलेल्या पैशांत दुसरी दुर्बीण आली. ती मध्यम होती. तिच्यातून भोके दिसत, पण धुक्यात दिवे दिसावेत तशी. मोजता येत, बाकी फारसे काही सांगता येत नसे. हिच्यावर निवडीची चाचणी घ्यायचे ठरले.

जावईबापूंच्या कागदावर तीन भोके दिसली. एक वरच्या कोपऱ्यात, एक खाली, एक कडेच्या लाकडी चौकटीत, पण सहानुभूतीने पाहिल्यास कागदावरच. सिस्टरांच्या कागदावर एकच भोक होते, मधोमध आणि जरा फाटके.

"तीन विरुद्ध एक," मी जाहीर केले.

"एक कसं?" सिस्टर म्हणाल्या. "मी दहा झाडल्या."

"मग बाकीच्या नऊ कुठे गेल्या?"

"त्याच भोकातून गेल्या."

आम्ही सगळे हसलो. हसण्यासारखेच होते ते. एका भोकातून दहा गोळ्या जातात हे काय रेशनच्या दुकानाचे दार आहे?

"चला, कागद काढून आणते," त्या म्हणाल्या. "भोकाच्या कडा बघितल्या की कळेल."

"बसा," अध्यक्ष म्हणाले. "दुर्बीण असताना चालत जाऊन बघायचं, म्हणजे दुर्बिणीवर अविश्वास दाखवणं. पाटीवर माझं नाव आहे."

सिस्टर बसल्या. रात्रपाळी करून आल्या होत्या, डोळे लाल झाले होते. मला त्यांचे वाईट वाटले. मी तसे त्यांना सांगितलेही: मला वैयक्तिकरीत्या वाईट वाटते आहे, पण चिटणीस म्हणून वाटत नाही.

मात्र ही दुर्बीणही टिकली नाही. त्याच दिवशी अध्यक्षांनी गोळ्या झाडल्या आणि म्हणाले, "माझ्याही एकाच भोकातून गेल्या असतील."

"साहेब," चष्मेवाले हळूच म्हणाले, "भोक एकही नाही."

झाले. चाचणी रद्द, दुर्बीण परत. व्यापाऱ्याने परतीचे पैसे कापून घेतले आणि हाती उरले ते चणेफुटाणे. त्या पैशांत काय येईल, असे मी चष्मेवाल्यांना विचारले. ते डोके खाजवत म्हणाले, "एक आहे. पण तिच्या भिंगात दोष आहे. काच ओतताना आत बुडबुडा राहिलाय, अगदी मधोमध. कुणी घेत नाही म्हणून पडून आहे."

"पुसून जाईल की," जावईबापू म्हणाले.

"काचेच्या आत आहे. पुसणार काय, कपाळ?"

तिसरी दुर्बीण आली. तिच्यातून टार्गेटचे काळे वर्तुळ एखाद्या डबक्यासारखे दिसे आणि त्याच्या बरोबर मध्यभागी एक पांढरा ठिपका चमकत असे. अगदी गोळीच्या भोकासारखा. अध्यक्षांनी गोळ्या झाडल्या, वाकून डोळा लावला आणि बराच वेळ तो काढलाच नाही. मग त्यांनी खिशातून रुमाल काढून डोळे टिपले. या माणसाने उभ्या आयुष्यात आपले स्वतःचे भोक पहिल्यांदाच पाहिले होते. मीही माझा रुमाल शोधू लागलो.

"पण साहेब, एकच आहे," मी भानावर येऊन म्हणालो. "गोळ्या दहा."

"सिस्टरांचं म्हणणं विसरलात का?" अध्यक्ष म्हणाले. "दहाही एकाच भोकातून जातात. मला तेव्हाच पटलं होतं."

त्याप्रमाणे ठराव झाला: दुर्बिणीतून मध्यभागी एक भोक दिसल्यास ते दहा गोळ्यांचे समजावे व शंभरपैकी शंभर गुण द्यावेत. सूचक म्हणून सिस्टरांचे नाव घातले. मंडळ कुणाचे श्रेय बुडवत नाही. त्या दिवशी अध्यक्षांना शंभर पडले, मला शंभर, जावईबापूंना शंभर. वखारवाल्यांना घरून हाताला धरून आणले होते, त्यांनाही शंभर पडले आणि ते लहान मुलासारखे हसले.

सिस्टरांची पाळी आली. त्या पालथ्या पडल्या, रायफल खांद्याला लावली, थांबल्या आणि मान वळवून म्हणाल्या, "साहेब, बघा ना जरा, किती झाले?"

अध्यक्षांनी डोळा लावला. "शंभर. शाबास. शंभर द्यायला मन मोठं लागतं, मी म्हणतो ते."

"मी अजून एकही झाडलेली नाही."

चष्मेवाले एकदम खाली बसलेच. पण अध्यक्षांना सार्वजनिक कामाचा दांडगा अनुभव आहे. ते म्हणाले, "न झाडता शंभर? मग ते बेकायदेशीर आहेत. जावईबापूंच्या गोळ्यांचा आवाज तरी सगळ्यांनी ऐकला."

संघातली पाचवी जागा जावईबापूंना मिळाली.

सिस्टर गप्प बसतील असे मला वाटले होते. त्यांनी महासंघाकडे दाद मागितली. तिकडून फोनवर मला सांगण्यात आले की मंडळातल्या एका तरी सभासदाने 'गोळी झाडण्याआधीही ठिपका दिसत होता' असे म्हटले, तर निवड नव्याने घ्यावी लागेल, तीही त्यांच्या दुर्बिणीवर. मी ते सिस्टरांना कळवले. माझे कर्तव्यच होते.

पुढच्या रविवारी त्या एकेकाकडे गेल्या. चष्मेवाले म्हणाले की त्यांना दुकान चालवायचे आहे. वखारवाले म्हणाले की आपल्याला ठिपका दिसला नाही, पण शंभर पडलेले ऐकू आले. माझ्याकडेही त्या आल्या. मी म्हणालो, "सिस्टर, तुमचं खरं आहे. पण ते इतिवृत्तात नाही." त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, तसे कुणी पाहिलेले मला आवडत नाही.

मंडळाच्या दाराबाहेर नव्या सभासदांची रांग लागली होती. शंभरपैकी शंभर गुण आणि प्रमाणपत्र लगेच मिळते, हे गावभर झाले होते. त्या रांगेत आपणही होता. होय, आपणच, हे वाचता आहात ते. मी चेहरे विसरत नाही. आपण उभ्या आयुष्यात रायफल हातात धरली नव्हती. पालथे पडण्याआधी आपण सहज म्हणून दुर्बिणीला डोळा लावलात आणि इतरांपेक्षा जरा जास्त वेळ तिथे थांबलात. मग दोन्ही डोळे घट्ट मिटून गोळ्या झाडल्यात. शंभर पडले.

सिस्टर सगळ्यात शेवटी आपल्याकडे आल्या.

"तुम्ही नवीन आहात, तुम्हाला इथे कुणाची भीड नाही," त्या म्हणाल्या. "गोळी झाडायच्या आधी तुम्ही आत पाहिलंत, मी बघत होते. ठिपका तेव्हाही होता ना? एवढंच सांगा त्यांना. माझं हे शेवटचं वर्ष आहे."

आपण हातातल्या प्रमाणपत्राची शाई वाळली का ते पाहिलेत. "छे हो," आपण म्हणालात, "मला यातलं काय कळतंय? मी आजच आलोय."

सिस्टरांनी मान हलवली, रायफल खोळीत घातली आणि त्या कामावर निघून गेल्या. आपण मात्र जाताना मला बाजूला घेऊन विचारलेत, की गुण आकड्यात आहेत ते ठीक, पण अक्षरीही लिहून मिळतील का. मी लिहून दिले. घरी भिंतीवर लावले असेलच.