सांडभोर काकांचा वजनकाटा

सकाळी साडेसहाला आमच्या दाराची बेल वाजली की समजायचं, आमच्याच बिल्डिंगमधले सांडभोर काका वजनकाटा काखेत धरून उभे आहेत. दूधवाला एखाद्या दिवशी दांडी मारतो, नळाला तर आमच्याकडे दिवसाआडच पाणी असतं, पण काका चुकत नाहीत. "वैनी उठल्या का?" एवढं विचारून ते आत घुसतात, देवघरासमोर बसतात आणि काट्याच्या चारी पायांखाली कागद सरकवून बघतात. आमच्या अख्ख्या फ्लॅटमध्ये तीच एक फरशी सपाट आहे, हा शोध त्यांचाच. बिल्डरलाही तो लागलेला नसावा.

घरात मी आणि आई, दोघंच. मी चाकणला एका कंपनीच्या खरेदी खात्यात आहे आणि माझी बस सातची. मी एका पायात मोजा घालून दुसरा शोधत असतो, तेव्हा हा गृहस्थ माझ्या आईला खड्या आवाजात विचारत असतो, "लघवीला जाऊन आलात? चहा घेतला न्हाई ना अजून? गाऊन कालचाच हाय ना?" आई शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. तिला असले प्रश्न विचारायची माझी उभ्या जन्मात छाती झाली नसती. ती मात्र शहाण्या मुलीसारखी उत्तरं देते आणि काट्यावर चढते.

काका निघोज्याच्या एका कारखान्यात स्टँडर्ड रूमला होते. म्हणजे ज्या मापांनी माल तपासतात, ती मापंच तपासायचं काम. त्यामुळे वाण्याचा तराजू, रिक्षाचा मीटर, आमचं भिंतीवरचं घड्याळ, कशावरही त्यांचा विश्वास नाही. फक्त हा एक काटा अपवाद. त्याच्याबद्दल कुणी ब्र काढलेला त्यांना खपत नाही. "काट्याला खोटं पाडायचं न्हाई," हे दिवसातून चारदा ऐकवतात.

त्यांच्या पत्नी सुमनकाकू गेल्या वर्षी गेल्या. आईसारखंच त्यांचंही हृदय कमजोर झालं होतं. त्यानंतर काकांचा काटा बिल्डिंगभर फिरायला लागला. ज्याला पाण्याची गोळी, म्हणजे अंगातलं जादा पाणी काढायची गोळी चालू, त्याचं सकाळी वजन. तळमजल्यावरच्या टायरवाल्या शेखचाचांनी महिनाभर सोसलं आणि मग बेल काढून ठेवली. काका दार वाजवायला लागले.

आईला गोळी सुरू झाली त्या दिवशी काकांनी आमच्या सोफ्यावर बसून तासभर वर्ग घेतला. "हृदय म्हंजे पंप. पंप थकला की पाणी पुढं सरकत न्हाई, मागं साठतं. आधी पायात, मग पोटात, मग फुफ्फुसात. ही गोळी मूत्रपिंडाला सांगती, मीठ बाहेर काढ. मीठ निघालं की त्याच्या मागनं पाणी निघतं. म्हणून वजन बघायचं. रातोरात चरबी वाढत न्हाई, पाणी वाढतं."

मग नियम. गोळी सकाळीच, नाहीतर रात्रभर बाथरूमच्या वाऱ्या, आणि म्हातारं माणूस पडतं ते त्या वाऱ्यांतच. पलंगावरून उठताना आधी पाय खाली सोडून बसायचं, चक्कर येत नाही ना बघायचं, मग उभं राहायचं. जुलाब-उलट्या लागल्या तर त्या दिवशी गोळी घ्यायच्या आधी डॉक्टरला फोन. रक्ताची तपासणी टाळायची नाही, कारण गोळी पाण्याबरोबर अंगातले क्षारही नेते. गुडघ्यासाठी आई मनानेच घ्यायची त्या दुखण्यावरच्या गोळ्या, त्यांनीही अंगात पाणी साठतं म्हणून, काकांनी सरळ खिशात घातल्या. लोणच्याची बरणीही नेली. ती परत आली नाही, पण ते लोणचं मीही खायचो याची दखल कुणी घेतली नाही.

"काका, तुमचं वजन किती?" मी एकदा वैतागून विचारलं.

"इन्स्पेक्टरचं इन्स्पेक्शन नसतं, राव," असं म्हणून त्यांनी पट्टा वर ओढला. त्या पट्ट्याला घरी खिळ्याने पाडलेली तीन नवी भोकं होती. मला ती दिसली होती. मी हसलो होतो.

मागच्या महिन्यात आई देहूला मावशीकडे साखरपुड्याला गेली. दोन दिवस राहून आली. तिसऱ्या दिवशी सकाळी काका आले, आई काट्यावर चढली आणि काकांनी आकडा दोनदा वाचला. जाण्याआधीपेक्षा पावणेदोन किलो जास्त.

मी बुटाची नाडी बांधत होतो. "साखरपुड्याचं जेवण असेल," म्हटलं. "नाहीतर काटा बिघडला असेल. सेल बदला ना, काका."

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझी नाडी हातातच राहिली. "काटा बरोबर हाय," ते हळू म्हणाले. मग आईकडे वळले. "वैनी, गोळ्या घेतल्या का तिकडं?"

आई खाली बघत म्हणाली, "कार्यालयात एवढी माणसं. बायकांचं बाथरूम मागे, लांब. सारखं कुणाला विचारायचं? दोन दिवसांनी काय होतंय, म्हटलं."

काकांनी तिच्या घोट्यावर बोट दाबलं. बोट उचललं तरी खड्डा तसाच राहिला. "डॉक्टरला फोन लाव. आत्ता," ते मला म्हणाले.

डॉक्टरांनी लगेच बोलावून तिला दाखल करून घेतलं आणि तेच औषध शिरेतून सुरू केलं. "आज आणलंत म्हणून थोडक्यात निभावलं," ते म्हणाले. बाहेर बाकड्यावर काका काट्याची रिकामी पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. मी शेजारी बसलो. ते समोरच्या भिंतीशी बोलावं तसं बोलले.

"सुमनचं असंच दीड किलो वाढलं होतं. मी म्हणलं, काटा चुकतोय. उभा जन्म तेच केलं ना, आकडा वेगळा आला की आधी माप तपासायचं. पिशवीत घातला आन् निघोज्याला आमच्या स्टँडर्ड रूमला घेऊन गेलो. पोरांनी दोन दिवस ठेवून घेतला, सगळी वजनं लावून बघितली. ती म्हणत होती, अहो, दम लागतोय. मी म्हणलं, थांब, काटा येऊ दे." त्यांनी पिशवीची कड सरळ केली. "काटा बरोबर होता."

मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि घडी घालत बसलो. वर्षभर या माणसाला मी बसच्या वेळेची कटकट समजत होतो, याची मनस्वी लाज वाटली.

चार दिवसांनी आई घरी आली. दुसऱ्या दिवशी साडेसहाला बेल. कागद सरकवणं, प्रश्न, गाऊन, सगळं रीतसर झालं. वजन उतरलं होतं. आई काट्यावरून उतरली आणि म्हणाली, "आता तुम्ही चढा, भावजी."

"इन्स्पेक्टरचं..."

"चढा म्हटलं ना," आई शाळेतल्या आवाजात म्हणाली.

काकांनी चपला काढल्या, पट्टा सावरला आणि चढले. आकडा स्थिर झाला. एकावन्न.

"अडुसष्ट असायचं," ते पुटपुटले. "सुमन होती तवा अडुसष्ट." मग खाली वाकून काट्याच्या पायाकडे बघायला लागले. "फरशी हलली का काय. तपासून घ्यावा लागंल."

"काट्याला खोटं पाडायचं नाही," आई म्हणाली.

काका तसेच वाकून राहिले. मी बूट काढले आणि स्वयंपाकघरात जाऊन तिघांचे पोहे भिजवले.