खाऱ्या पाण्यातली मंडळी

उरण-पनवेल एसटीत आमचे शेजारी सबनीसकाका खिडकीची जागा धरायचे, ती कॅनसाठी. स्वतः उभे राहायचे. कॅनमध्ये समुद्राचं गढूळ पाणी.

"काका, याच्यात काय हाय?" कंडक्टरने एकदा विचारलं.

"मंडळी आहेत."

कंडक्टरने वाकून पाहिलं. "मंडळी तर कुठं दिसत नाय!"

"म्हणूनच त्यांची तिकिटं काढली नाहीत," काका म्हणाले.

मंडळी म्हणजे जंतू. काका पनवेलजवळच्या एका साबणाच्या कारखान्यात केमिस्ट होते. साबण समुद्रात गेला तर तिथले जंतू तो खाऊन संपवतात की नाही, एवढंच त्यांनी आयुष्यभर पाहिलं. ताज्या समुद्राच्या पाण्यात थेंबभर साबण, बाटलीला घट्ट बूच आणि अठ्ठावीस दिवस अंधार. मग आतला प्राणवायू मोजायचा. कमी झाला असेल तर मंडळी जेवली. नसेल तर साबण नापास, मालक कितीही चिडोत.

माझ्या मेहुणीला स्थळ आलं तेव्हा मुलगा कसा वाटतो म्हणून त्यांना विचारलं. "बंद खोलीत अठ्ठावीस दिवस ठेवून बघा," म्हणाले. आमच्या हिच्या पुरणपोळीला त्यांनी दिलेलं प्रशस्तिपत्र असं: "सूनबाई, मंडळी ही दोन दिवसांत फस्त करतील!" ही आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. जंतू जणू मीच सोडले होते.

नव्वदच्या सुमाराची गोष्ट. काका निवृत्त व्हायला जेमतेम अठ्ठावीस दिवस उरले होते. साहेब म्हणाले, शेवटची टेस्ट नव्या केमिस्टला करू द्या. काका हट्टाला पेटले. "ही पंगत मीच उठवणार!" रविवारी संध्याकाळी त्यांनी ताजं पाणी आणलं आणि आमच्या मोरीत गारवा जास्त म्हणून कॅन रात्रीपुरता तिथे ठेवला. सोमवारी बाटल्या भरल्या नाहीत, तर टेस्ट हातची जाणार होती.

सोमवारी सकाळी पाहिलं तर पाणी निवळशंख! माझी आई दोनच दिवसांपूर्वी साताऱ्याहून आली होती. तिने कॅनमध्ये तुरटी फिरवली होती.

"असलं गढूळ पाणी पितात बिचारे," ती म्हणाली. "बायको नाही म्हणून कुणी बघायचंच नाही का त्यांच्याकडे?"

तळाशी गाळ बसला होता, आणि गाळाबरोबर सगळी मंडळी. उरणला पुढची भरती संध्याकाळी होती; पुन्हा पाणी घेऊन येईपर्यंत लॅब बंद झाली असती, आणि मंगळवारपासून दिवस पुरत नव्हते. मला आईचा भयंकर राग आला.

काका कॅनसमोर उकिडवे बसले. मी माफी मागू लागलो तसं त्यांनी हातानेच थांबवलं आणि डोळे पुसले.

"ही गेल्यापासून मी कसलं पाणी पितो, हे कुणी पाहिलं नव्हतं हो," ते म्हणाले. मग आईकडे वळले. "वहिनी, जरा घरी येता? माझ्या माठातही एकदा तुरटी फिरवून द्या."

पनवेलच्या नळाला तेव्हा चांगलं स्वच्छ पाणी येत होतं. माठात डोकावल्यावर आईलाही ते दिसलं असणार. तरी ती बराच वेळ तुरटी फिरवत राहिली.