मीमीरची विहीर, मुक्काम औसा

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि लागलीच पावसाने पाठ फिरवली होती. नव्या कलेक्टर कचेरीत मी कारकून. दिवसभर आवक-जावक लिहायची आणि संध्याकाळी उत्तर युरोपातल्या जुन्या दैवतांचा अभ्यास करायचा. लोक पत्ते कुटतात, मी हे करतो. बरीच वर्षं खपून मी एक निबंध लिहिला होता, 'मीमीर : देव की राक्षस?' तो सोमवारी नव्या ग्रंथालयात वाचायचा होता. आयुष्यात पहिल्यांदाच माझं कुणीतरी ऐकणार होतं. (घरात ऐकायचं काम माझ्याकडे आहे.)

शनिवारी मला दुर्बुद्धी सुचली, की तालीम म्हणून निबंध बायकोला वाचून दाखवावा. शिवकांता ज्वारी पाखडत होती. दैवतांच्या वंशावळी झाल्या, लढाया झाल्या, तिने मान वर केली नाही. मग मी वाचलं, "ॲशच्या त्या महावृक्षाच्या मुळाशी मीमीरची विहीर आहे. ती कधीच आटत नाही."

सूप थांबलं.

"आटत न्हाई?"

"कधीच नाही."

"आन् पानी भरू देतेत का?"

"फुकट नाही. ओडिन तर सगळ्या देवांचा राजा, पण त्यालाही एका घोटासाठी स्वतःचा डोळा काढून द्यावा लागला."

"अगं बाई," असं म्हणून ती ज्वारी तशीच टाकून शेजारच्या गुणाबाईकडे गेली. निबंध काळजाला भिडला की माणूस असाच उठून जातो, अशी मी समजूत करून घेतली.

रविवारी सकाळी अंगावरून ओला पंचा फिरवून (त्या दिवसांत त्यालाच अंघोळ म्हणत) बाहेर येतो, तर ओट्यावर अर्धी गल्ली जमलेली. पुढे गुणाबाईचा नवरा भुजंगराव. त्याचा टेम्पो आहे.

"अप्पा, त्या मीराच्या विहिरीचं जरा बैजवार सांगा."

माझा ऊर भरून आला. मी चष्मा पुसून नाकावर चढवला.

"झाड औशाचंच न्हवं?" भुजंगरावाने विचारलं.

"ॲशचं," मी उच्चार सुधारला.

"तेच की. मानूस कसा हाय?"

"देव की राक्षस, यावर विद्वानांत वाद आहे."

"विहीर म्हनलं की वाद आलाच," मागून कुणीतरी म्हणालं.

"पुढे भांडणात त्याचं मुंडकं उडालं. तरी ते मुंडकं सगळ्यांना सल्ले देतं."

"आमच्या चुलत्याचं बी तसंच हाय," भुजंगराव म्हणाला आणि घाईने उठला.

इतका जाणकार श्रोता मला कुठेच भेटला नव्हता. जेवून, चष्मा निबंधावर ठेवून मी तृप्त मनाने आडवा झालो. उठलो तर गल्ली ओस. माणूस नाही, घागर नाही, भुजंगरावाचा टेम्पो नाही आणि निबंधावर चष्मा नाही. चष्म्याशिवाय मला हातातला कागद आणि समोरचा माणूस सारखेच धूसर दिसतात. संध्याकाळपर्यंत मी चाचपडत चष्मा शोधत होतो.

दिवेलागणीला टेम्पो आला. डोक्यावर एक आणि कमरेवर एक अशा भरल्या घागरी घेऊन शिवकांता आत शिरली.

"सापडली बगा, मीरसायबाची विहीर. औशाच्या अलीकडं, लिंबाच्या झाडाखाली. म्हातारा देवमानूस हाय. राक्षस कोन म्हनलं वो त्याला?"

आता कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ॲशचं लातूरजवळचं औसा गाव झालं होतं आणि मीमीरचा मीर.

"त्यांनी पाणी फुकट दिलं?" मी विचारलं.

"ते फुकटच देत व्हते. पर तुम्हीच म्हनलाव न, डोळा द्यावा लागतो म्हनून? रिकाम्या हातानं कसं जावं? मी आपला तुमचा चष्मा नेला. त्यांनी घातला आन् भिंतीवरचं कॅलेंडर घडाघडा वाचलं की. डोळ्यातनं पानी आलं बिचाऱ्याच्या."

"अगं, उद्या मला निबंध वाचायचाय."

"तुमच्या देवानं डोळा दिऊन घोटभर आनलं. मी चष्म्यात दोन घागरी आनल्या."

तिने तांब्या पुढे केला. पाणी गार होतं आणि गोड होतं. रागवायचं मी ठरवलं होतं, पण इतकं चांगलं पाणी पोटात गेल्यावर राग धरता येत नाही. खरं सांगतो, मला फार बरं वाटलं.

सोमवारी ग्रंथालयात कागद नाकाला लावून पाहिला. अक्षर दिसेना. शेवटी निबंध बाजूला ठेवून मी नुसतंच सांगत गेलो, ॲशचा वृक्ष, न आटणारी विहीर, ओडिनचा डोळा. टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. मागच्या रांगेत पितळेचं काहीतरी चमकत होतं. माझ्या सत्काराचं असावं, म्हणून मी आणखी थोडं लांबवलं.

व्याख्यान संपलं आणि अध्यक्ष स्वतःच उठले. संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक पंचाक्षरी. भारी करडा माणूस.

"विवेचन सखोल होतं," ते म्हणाले. मग त्यांनी टेबलाखालून आपली घागर काढली. "एवढंच सांगा, औशाच्या स्टँडवर उतरल्यावर डावीकडं वळायचं का उजवीकडं?"