अध्यक्षांचं नाव पडद्यावर

अंबरनाथच्या कारखान्यात दौलतराव शेलारांइतका तत्त्वाचा माणूस दुसरा नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. पुढचं ऐकून उगाच गैरसमज नको!

साल शहाऐंशी. दौलतराव 'सिनेमा हटाव मंडळा'चे अध्यक्ष. दर शनिवारी पाळी सुटली की गेटासमोर स्टुलावर चढून गर्जायचे, "सिनेमा म्हणजे घराला लागलेली वाळवी! माझ्या घरातलं माणूस थेटरची पायरी चढणार नाही!" टाळ्या कडाडायच्या. सगळ्यात पुढे त्यांची आई, चांगुणाबाई. म्हातारीने शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण लेकाचं एक भाषण चुकवलं असेल तर शपथ!

आणि असल्या माणसाच्या बायकोला, शालनला, सिनेमाचं वेड! लग्नाला अकरा वर्षं झाली, पण थेटर आतून बघितलं नव्हतं. नुसती पोस्टरं बघून बिचारी आख्खी गोष्ट रचायची आणि मुलांना सांगायची. एकदा मे महिन्यात धीर करून म्हणाली, "अहो, एकच दाखवा. परत जन्मात मागणार नाही."

दौलतराव नकार द्यायला तोंड उघडणार, तोच चांगुणाबाई म्हणाल्या, "दाखव रे तिला. नि मला बी ने. तू रोज ज्याला शिव्या घालतोस तो पिच्चर हाय तरी कसा, बघू दे की!"

आईपुढे कुठला अध्यक्ष टिकतो? दौलतरावांनी अटी घातल्या. थेटर अंबरनाथचं नको, उल्हासनगरचं. जागा बाल्कनीत, अगदी शेवटच्या रांगेत. आत शिरायचं अंधार झाल्यावर, बाहेर पडायचं उजेड व्हायच्या आत. मुलांसकट सगळ्यांची तिकिटं त्यांच्याच खिशात. आणि तोंडाला मफलर!

मे महिन्यात मफलर! डोअरकीपरने विचारलंच, "क्या भाईसाब, बुखार है?"

"थोडा थोडा," दौलतराव मफलरातून म्हणाले.

सिनेमा घरगुती होता. सासूने सुनेला घराबाहेर काढलं तेव्हा शालन रडली, मुलं रडली, चांगुणाबाईंनी पडद्यावरच्या सासूला दोन कचकचीत शिव्या हासडल्या. दौलतरावांचा मफलरही ओला झाला. घामाने, असं ते आजही सांगतात.

इंटरव्हल झाला. दौलतराव पडलेलं नाणं शोधत असल्यासारखे खुर्चीखाली वाकले. चांगुणाबाई बाहेर निघाल्या. "मी येते सोबत," शालन म्हणाली.

"बस तू. मी काय ल्हान हाय?"

त्या परत आल्या तेव्हा अंधार झाला होता आणि दारातला माणूस तिकीट मागत होता. तिकीट तर लेकाच्या खिशात! तो त्यांना मॅनेजरकडे घेऊन गेला. मॅनेजर सिंधी, भला माणूस. "फिकर मत करो अम्मा. काचेवर नाव लिहून पडद्यावर दाखवतो, मुलगा धावत येईल. नाम बोलो."

आता नाव सांगून गप्प बसावं की नाही? पण म्हातारीच्या छातीत लेकाचा अभिमान मावत नव्हता. "नुसतं नाव काय लिवतोस? माझा लेक कोन हाय ते समदं लिव!"

तिकडे पडद्यावर सुनेला पुन्हा दरवाज्यातून ओढून नेतायत, शालनने पदर तोंडात धरलाय, आणि एकदम पडद्यावर हातभर अक्षरं उमटली: 'अंबरनाथ सिनेमा हटाव मंडळाचे अध्यक्ष श्री. दौलतराव कोंडाजी शेलार यांनी बाहेर यावे. आई उभी आहे.'

असा हशा फुटला की छपराचे पत्रे हलले! "अध्यक्ष, कुठायत? उठा की!" शिट्ट्या!

दौलतराव खुर्चीत विरघळले. सहा वर्षं स्टुलावर उभं राहून कमावलेली अब्रू!

"तुम्ही बसा," शालन हळूच म्हणाली. "मी जाऊन आणते त्यांना. कुणाला कळायचं नाही."

दौलतरावांनी तिच्याकडे बघितलं. अकरा वर्षांनी आलेली बाई, ऐन रंगात आलेला सिनेमा सोडून उठत होती. तिकडे म्हातारी दुखऱ्या गुडघ्यांवर उभी. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी मफलर काढला आणि सगळ्यांदेखत ताठ उभे राहिले. शाबास!

पुढच्या रांगेतून कुणीतरी किंचाळलं, "अध्यक्ष, तुम्ही?"

मंडळाचे सेक्रेटरी शिवराम! डोक्यावरून बायकोची शाल घेतलेले!

"मग, तुम्ही काय इथे हवा खायला आलात?" म्हणत दौलतराव बाहेर पळाले.

चांगुणाबाई दारातच होत्या. "आलं का रे तुझं नाव? केवढं आलं?"

"मोठं आलं, आई."

"हिरोच्या नावापरीस मोठं?"

"हो."

म्हातारीचा चेहरा फुलला आणि लगेच पडला. "नि मी मेली हितं भायेर! लेकाचं नाव पडद्यावर लागलं, नि मीच नाय बघितलं." तिचे डोळे भरून आले.

दौलतराव तसेच मॅनेजरकडे गेले. "साहब, वो काच एक बार और लगेगा क्या?"

"अब किसको बुलाना है?"

"किसी को नहीं. माँ को देखना है."

मॅनेजर हसत उठला. मग म्हणाला, "जाके बैठो साईं. लगाता हूँ."

पाचच मिनिटांत ती अक्षरं पुन्हा झळकली. चांगुणाबाईंनी हात जोडले. "ह्यात अध्यक्ष कुठं लिवलंय रे?"

दौलतराव उठले आणि डोक्यावरून जाणाऱ्या झोतात त्यांनी हात घातला. पडद्यावर बोटाची ही मोठी सावली पडली. "हे बघ आई, हे!"

म्हातारीने टाळ्या पिटल्या. खाली आरडाओरडा सुरू झाला, "ए अध्यक्ष, हात काढ! पिच्चर चालू करा!" पण त्या सगळ्यांत वरचढ आवाज दौलतरावांच्या शेजारच्याच खुर्चीतून आला.

"अहो, बसा ना खाली!" शालन ओरडली. "अकरा वर्षांनी बघतेय मी!"