चिंगीचं स्थळ

माझ्या अक्षराला हसू नका. चौथीनंतर शाळा सुटली, आणि त्यानंतर पेन हातात धरला तो सही करण्यापुरताच. ऱ्हस्व कुठं, दीर्घ कुठं, हे मला आजही ठरवता येत नाही, म्हणून हात वळेल तसं लिहिलेलं आहे. चुकलं असेल तिथं माफ करा. कुणाला दाखवायला मी लिहीत नाही. पण गंगाधरकाकांबद्दल कुठंतरी लिहून ठेवावं असं वाटतं, कारण कुत्र्याच्या पिंजऱ्यात स्वतः आडवा होऊन पाहणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

मस्तगडला आमची आणि काकांची भिंत एकच. काकांचा जन्म लग्नाचे मांडव घालण्यात गेला. आता शिडी चढवत नाही, म्हणून घरी असतात. घरात ते आणि चिंगी, तिसरं कुणी नाही. चिंगी म्हणजे बदामी रंगाची, एक कान चिरलेली म्हातारी कुत्री. पिल्लू होती तेव्हा एका मांडवातून सामानाच्या टेम्पोत चढून आली, ती राहिलीच.

काकांचा एक शब्द ठरलेला. "बराबर न्हाई." चहा बराबर न्हाई, दुकानदाराचा काटा बराबर न्हाई. आमच्या ह्यांनी घरात खिळा ठोकला तर भिंतीपलीकडून आवाज यायचा, "बराबर न्हाई! तिरपा गेला!" आम्ही जाऊन पाहावं तर खरंच तिरपा.

असा माणूस, आणि त्याच्याच डोळ्यांत काचबिंदू निघाला. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन लवकर करा. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी राखता येईल. नंतर तपासणीसाठी तिथंच पुतण्याकडे महिनाभर राहायचं होतं. पुतण्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, तिथं कुत्रा चालत नाही. मी ठेवलं असतं चिंगीला, पण आमच्या ह्यांना दमा. कुत्र्याचा एक केस उडाला की रात्रभर छातीचा भाता चालू.

मग पैसे घेऊन कुत्री सांभाळणाऱ्यांचा शोध सुरू झाला. हल्ली आपल्याकडेही असे लोक निघाले आहेत. काका म्हणाले, "मंगल, तू चल संगं. तू पाटी वाच, मी जागा पाह्यतो." मला परक्या माणसासमोर तोंड उघडायची लाज वाटते. मी म्हटलं, वाचीन, पण बोलणार नाही.

पहिली जागा आमच्या शहरातच होती. थंड हवेचं मशीन होतं, आणि कुत्रा काय करतोय ते घरबसल्या मोबाईलवर दिसायची सोय होती. काकांनी दारातच तीन हजार काढून दिले. मांडवाच्या धंद्यातली सवय, आधी इसार. "इसार दिल्याबिगर मानूस खरं दाखवत न्हाई," म्हणाले. मग आत गेले, चपला काढल्या आणि पिंजऱ्यात शिरून आडवे झाले. पाय बाहेर राहिले.

तिथला मुलगा घाबरला. "अहो काका, ते कुत्र्यांसाठी आहे."

"मंग? चिंगी कुत्रीच हाय. तिला सांगता येत न्हाई, मला येतं. म्हनून मी झोपून पाहून राह्यलो."

मी पदर तोंडावर घेतला आणि भिंतीकडे पाहत उभी राहिले. काका उठायला लागले तर हात सटकला. "फरशी गुळगुळीत हाय. म्हाताऱ्या गुडघ्यांनी ती उठंल कशी? बराबर न्हाई." इसार परत मागितला तर मुलगा म्हणाला, "ते आमच्याकडे परत देत नाहीत."

दुसरी जागा राजूरच्या रस्त्याला, शेतात. मोकळी हवा, कडुलिंबाची सावली, मला तर फार आवडली. काकांनी तिथली दोरी स्वतःच्या कमरेला बांधली आणि पाण्याच्या भांड्याकडे चालत गेले. दोरी ताणली गेली, भांडं दोन हात लांबच राहिलं. मालक म्हणाला, "काका, आम्ही दिवसातून पाच वेळा पाणी दाखवतो की."

"आन् सहाव्यांदा तहान लागली तर?"

गल्लीत आमची चेष्टा सुरू झाली. समोरच्या रुखसानाभाभी ओट्यावरून विचारायच्या, "क्यों काका, चिंगी का रिश्ता जमा क्या? दूल्हा पसंद नहीं आया?" काका गंभीरपणे उत्तर द्यायचे, "घर चांगलं होतं, भाभी. पन पान्यापर्यंत दोरी पुरत न्हवती."

आम्ही हसायचो आणि दिवस जात होते. एकदा काकांनी माझ्यासाठी चहा ओतला तो कपाच्या बाहेर. चिंगीचं दूध भांड्याच्या शेजारी, फरशीवर. चिंगी फरशी चाटायची. मला हसू यायचं थांबलं.

तिसरी जागा जांब समर्थला, द्वारकाबाईंकडे. साधं घर, मातीची ओसरी. सांभाळायला आलेली कुत्री दिवसा अंगणात मोकळी असायची आणि रात्री बाईंच्या खाटेखाली. काका ओसरीवर आडवे झाले आणि घोरायलाच लागले. द्वारकाबाईंनी त्यांच्यासाठी भाकरी केली, चिंगीसाठी वेगळी कुस्करून बांधून दिली. मी मनात म्हटलं, सुटलो.

परत येताना एस.टी.त काका म्हणाले, "बराबर न्हाई."

"आता काय राहिलं, काका?"

"बाई लई गोड बोलती."

मी त्यांच्यावर कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढला. "डोळे जातील तुमचे! एका कुत्रीपायी आंधळे व्हायचं का तुम्हाला?"

काका खिडकीकडे तोंड करून बसले. बाहेरचं त्यांना काय दिसत होतं कोण जाणे. मग बोलले.

"माझ्या सुनंदाच्या वेळंलाबी लोक लई गोड बोलले होते. बैठकीत बसलो, पोहे खाल्ले, सुपारी फोडली, घरी आलो. बैठक चांगली होती. लेक झोपंल कुठं, ते उठून पाह्यलं न्हाई. बापानं आत कसं जावं? मांडव मातर सोता घातला, एक खांब तिरपा जाऊ दिला न्हाई. पहिल्याच उन्हाळ्यात तिनं ताप अंगावर काढला. कुनी कळवलं न्हाई. मी पोचलो तवा ती गेल्ती. मंग पाह्यली तिची खोली. पत्र्याची. गोठ्याला लागून. वारा यायला भोक न्हवतं."

सुनंदा होती हेच मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं भिंत एक असून.

त्यानंतर मी त्यांना घाई केली नाही. करायला हवी होती की नको, मला अजून कळत नाही. काकांनी आणखी जागा पाहिल्या, आणखी आडवे झाले. दुसऱ्या डोळ्यापुढेही धूर आल्यावर एक दिवस आपणच म्हणाले, "द्वारकाबाईकडं सोडू." सोडून येताना तिथल्या भिंती हातानं चाचपल्या, खिडकीत हात घालून वारा पाहिला.

ऑपरेशन झालं. पट्टी निघाली. डॉक्टर म्हणाले, उशीर केलात. आता एका डोळ्याला उजेड आणि अंधार यांतला फरक कळतो, तेवढंच.

चिंगीला द्वारकाबाईंनी स्वतः रिक्षा करून आणून सोडलं. काकांनी तिच्या बरगड्यांवरून हात फिरवला. बरगड्या हाताला लागल्या नाहीत. "बराबर ठेवली हो," म्हणाले, आणि तिच्या पाठीत तोंड लपवून बसले. जागा पहिल्या दिवसापासून चांगलीच होती.

राहिला तो शहरातल्या जागेचा इसार. काका आता जाऊ शकत नव्हते, म्हणून मी गेले. बोलायला जमेना. गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर नुसती बसून राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा, नंतर पुन्हा. येणारी माणसं विचारायची, "ताई, तुमचा कुत्रा कुठंय?" मी म्हणायची, "इसार." मुलाचा चेहरा पडायचा. थोडे थोडे करून त्यानं पैसे दिले, आणि काल शेवटचे पाचशे.

सगळे एकत्र करून काकांच्या हातात ठेवले. हा माणूस बँकेतून आलेल्या नोटासुद्धा थुंकी लावून दोनदा मोजायचा. त्यांनी तशीच घडी घातली.

"मोजत नाही?"

"तू पाह्यले ना?"

"पाहिले. पूर्ण आहेत."

"मंग झालं," म्हणाले, आणि घडी खिशात ठेवायला गेले. खिसा सापडेना. मी त्यांचा हात धरून खिशापाशी नेला.